कमळाला आवाज नसतो

राणीसावरगाव,
२२ जुलै २०२४

आत्या,

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. मी "बदली झाली" म्हणत होते आणि तू "हळदी? कुणाच्या हळदी?" म्हणून विचारत होतीस. शेवटी योगीराजदादानं फोन घेतला आणि विषय संपला. म्हणून आज कागद घेतला. कागदावर तुझ्याशी ओरडून बोलावं लागत नाही.

तर हळद कुणाचीच नाही. माझी बदली झाली आहे. मी राणीसावरगावात खोली घेतली आहे आणि तिथून थोडं आत, एका लहानशा गावातल्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकवायला जाते. शाळेत आम्ही दोघंच. माणिकराव गुरुजी मुख्याध्यापक, मोठी मुलं त्यांच्याकडे. पहिली-दुसरी माझ्याकडे.

माझ्या वर्गात शालू नावाची मुलगी आहे, दुसरीतली. घर मेंढरांवर जगणारं. वडील मुंजाजी, आई, आजी कासाबाई आणि एक तान्हा भाऊ. मी रुजू झाले त्या दिवशी गुरुजींनी तिलाच उभं करून धडा वाचायला लावला. काय वाचली, आत्या! बोट ओळीवरून सरसर चाललेलं, आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. गुरुजी माझ्याकडे असे बघत होते, जसं काही त्यांचंच बक्षीस जाहीर झालं.

मागच्या आठवड्यात ती माझ्यासमोर वाचत होती. खिडकीतून वारा आला आणि पुस्तकाचं पान उलटलं. शालूला ते कळलंच नाही. तिचं बोट पुढं चालत राहिलं, तोंडातून मागच्याच पानावरचा धडा येत राहिला. बोटाखाली ओळी नव्हत्याच. विहिरीचं चित्र होतं.

 मुलं पांगल्यावर तिला जवळ घेतलं आणि फळ्यावर 'कमळ' लिहिलं. "क, म, ळ," ती पटकन म्हणाली. अक्षरं तिला सगळी येतात. "आता जोडून म्हण." पुन्हा, "क, म, ळ." "मिळून काय झालं?" तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तुला नीट ऐकू आलं नाही की तू बघतेस ना, अगदी तसं. आणि म्हणाली, "फळा."

परवा मुंजाजी शाळेत आला होता. दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ते थेट उन्हाळा सरताना परततात. तो दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, पोरगी शिकायली असंल तर आजीपाशी ठिवतो. न्हाई तर कोकरं सांभाळायला संगं नेतो. तिला येतंय का न्हाई, तेवढं खरं सांगा."

मी म्हटलं, थोडे दिवस द्या. खरं काय ते मलाच अजून माहीत नाही.

तुझी,
राजेश्री

●

जिंतूर,
३ ऑगस्ट २०२४

राजी पोरी,

पत्र पोचलं. पोस्टमन दारात वरडून वरडून गेला म्हणे. शेजारच्या कमलबाईनं आणून दिलं.

हळद नव्हती हे वाचून वाईट वाटलं. मी लुगडं काढून ठेवलं होतं.

आता माझं ऐक. त्या लेकराचे कान आधी तपासून घे. बाकीचं मागून. कान गेला की माणूस काय करतं ते मला विचार. पाठ असलेलं फडाफडा बोलतं, आणि नवं काही आलं की समोरच्याच्या तोंडाकडं बघतं. तू लिहिलंस ना, माझ्यासारखी बघत होती म्हणून? तिथंच मी ओळखलं. मागं एका लग्नात एक बाई म्हणाली, "जेवलात का?" मी म्हणाले, "एक मुलगा, दोन मुली." ती बाई हसली न्हाई, तेच वाईट. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या बाईशी बोलायला लागली. मी म्हातारी हाय, माझं चालून गेलं. त्या पोरीला आत्तापासून ढ म्हणायला लागले तर तिनं काय करावं?

म्हणून गुरुजीला विचारत बसू नको. तिच्या बापाला सांग आणि दवाखान्यात घेऊन जा.

माझं म्हणशील तर योगीराजनं कानाचं मशीन आणून दिलंय. घालते. बरं हाय.

आत्या

●

राणीसावरगाव,
३० ऑगस्ट २०२४

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. गंगाखेडच्या दवाखान्यातून परभणीला पाठवलं. मुंजाजीनं मेंढरं भावकीतल्या एकाच्या भरवशावर सोडली आणि तो स्वतः आला. शालूनं नवा फ्रॉक घातला होता. तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली, आवाज आला की हात वर कर म्हणून सांगितलं. ती सारखा हात वर करत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतके चांगले कान मी बऱ्याच दिवसांत तपासले नाहीत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मुंजाजी बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं तर तो विचारात पडला आणि म्हणाला, "मंग कानात न्हाई तर डोस्क्यात हाय का काय?" पोरगी शेजारीच उभी होती. तिचे कान किती चांगले आहेत ते तर आत्ताच कळलं होतं.

त्या दिवसापासून शालू वाचत नाही. पाठ असलेलंसुद्धा म्हणत नाही. पुस्तक उघडलं की ओठ घट्ट मिटते. आपलं गुपित मला कळलंय हे तिला समजलंय. मुलांना अजून माहीत नाही, आणि आता त्यांना कळेल या भीतीनं ती मागच्या भिंतीला टेकून बसते.

पण काल एक गोष्ट झाली. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्याशी नुसत्या गप्पा मारल्या. विचारलं, "कमळ म्हटलं की पहिला आवाज कोणता येतो?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. मग अगदी समजुतीनं म्हणाली, "बाई, कमळाला आवाज नसतोय."

मी तोंडातलं हसू तोंडातच ठेवलं. तीच पुढं म्हणाली, "मेंढराला असतोय. दर येकीचा येगळा. आमची भुरी लांब वरडली तरी मला कळतंय."

मग मी विचारलं, "'ऊस' हा शब्द मोठा का 'मोहरी' हा शब्द मोठा?" ती पहिल्यांदा हसली. बाईंना एवढंसुद्धा कळत नाही म्हणून असेल. "ऊस!" म्हणाली, आणि हात उंच करून दाखवला.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, आत्या. तिला शब्द ऐकू येतो तो थेट वस्तूच होऊन. कमळ म्हटलं की तळ्यातलं कमळ. त्या शब्दाला स्वतःचा आवाज आहे, त्याचे तुकडे पडतात, हे तिच्या कधी कानावरच पडलं नाही. मग फळ्यावरची तीन अक्षरं तिला कुणाची वाटणार? आणि आम्ही तरी काय करतो? सुटं म्हणताना 'ळऽ' म्हणून लांबवतो आणि कमळ म्हणताना तो शेवट गिळून टाकतो. क-म-ळऽ हे घाईघाईनं कितीही वेळा म्हटलं तरी आपोआप कमळ होत नाही. मी इतकी वर्षं शिकवते, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

कळलं खरं. पण करायचं काय, ते सुचत नाही. दिवाळी जवळ येतेय.

तुझी,
राजेश्री

●

जिंतूर,
१९ सप्टेंबर २०२४

राजी,

महालक्ष्म्यांच्या गडबडीत लिहायचं राहिलं. सवाष्णी जेवून गेल्या. कोण काय बोललं ते मला विचारू नको, सगळ्यांनी खाल्लं तेवढं दिसलं.

कानाचं मी चुकले म्हण. चांगले निघाले ते देवाचे उपकार. तो बाप बिचारा वाईट मनानं बोलला नसंल. माणसाला काही उमगलं न्हाई की तोंडाला येईल ते बोलून मोकळं होतं.

तू लिहिलंस त्या पोरीला शब्दाचे तुकडे ऐकू येत न्हाईत. माझं उलटं झालंय बघ. मला आता तुकडेच ऐकू येतात. माझा कान एकदम गेला न्हाई. आधी 'स' गेला, मग 'श', मग 'फ'. पाऊस आला म्हटलं की मला 'पाऊ' ऐकू यायचं. माणसाचा आवाज येतो, शब्द येत न्हाई. मग मी उरलेले तुकडे घेऊन बसते आणि काय असंल काय असंल म्हणून जुळवते. कमलबाई शहाणी. ती वरडत न्हाई. एकेक अक्षर सुटं करून, मांडीवर थाप मारून बोलते. माझं नावसुद्धा असंच घेते, चां-गु-णा. मग कळतं.

तुकड्यांवरून आठवलं. तू लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा आपण 'च'ची भाषा बोलायचो. तुझ्या आईला कळू नये म्हणून. पहिलं अक्षर काढायचं, त्याच्या जागी च घालायचा आणि काढलेलं शेवटाला न्यायचं. भाकर म्हणजे चकरभा. तू एवढीशी होतीस, पण मला हरवायचीस. आता कुणी माझ्याशी तसं बोललं तर मला काय कळणार? सरळच कळत न्हाई.

पण तू शाळेत असले खेळ करत बसू नको. बाराखडी रोज सकाळी म्हणून घे, चांगली मोठ्यानं. आम्ही तशाच शिकलो. पोरगी लागंल मार्गाला.

चत्याआ

(लिहून बघितलं. कागदावर चांगलं दिसत न्हाई.)

●

राणीसावरगाव,
८ ऑक्टोबर २०२४

आत्या,

आधी भांडण करून घेते. योगीराजदादाचा फोन आला होता. कानाचं मशीन म्हणे वेलदोड्याच्या डब्यात आहे, आणलं तेव्हापासून. "घालते, बरं हाय" असं मला कुणी लिहिलं होतं? परभणीला पाठवायला दुसऱ्यांची लेकरं, आणि स्वतःचं वेलदोड्यात!

आता तुझे आभार. बाराखडीचा सल्ला मी ऐकला नाही. ज्या खेळाला तू नको म्हणालीस, तोच वर्गात नेला. "आजपासून माझं नाव चजेश्रीरा," मी म्हटलं. वर्ग नुसता लोळला. गोपाळ म्हणाला, "मंग मी चपाळगो!" पुस्तक नाही, पाटी नाही, पाठ करण्यासारखं काही नाहीच. शालूला मात्र येईना. 'शालू'मधला 'शा' काढायचा म्हणजे काय, तेच तिला कळत नव्हतं. नाव तर तिचं अख्खं होतं, त्याला हात कसा लावायचा?

मग मी कमलबाईंची थाप घेतली. शा, मांडीवर थाप. लू, थाप. पहिली थाप मनातल्या मनात मारायची, तोंड मिटून. दुसरी मोठ्यानं. "लू," ती म्हणाली. काय उरलं? "लू." आणि एकदम तोंडावर हात ठेवला.

दोन-चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ऐकलं तर शाळेमागं ती भुरीला हाका मारत होती. "चरीभु! ये चरीभु!" भुरीनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. पण शालू हसत होती.

तिथून पुढं सरकलो. काका, काकी, काकू. "यात वेगळं काय?" म्हणून विचारलं. बाकीची मुलं माणसं सांगायला लागली. शालूनं स्वतःच्या तोंडाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, "काकी म्हनताना तोंड फाकतंय. काकू म्हनताना मिटतंय." आत्या, मला एवढंच हवं होतं. मी 'क' लिहिला. म्हटलं, तोंड फाकलं की ही वेलांटी, मिटलं की हा उकार. तोंडात जे होतं तेच कागदावर काढायचं. तिनं माझ्या हातातला खडूच घेतला.

शुक्रवारी तिनं पाटीवर आपल्या मनानं लिहिलं: 'भुरी पानी पेली'. कुणाचं बघून नाही, पाठ केलेलं नाही. घरात जसं बोलतात तसं, जसं ऐकू येतं तसं. गुरुजी आत आले, पाटी बघितली आणि म्हणाले, "पाण्याचा 'ण' चुकला." खडूनं दुरुस्त केलं. मी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, "गुरुजी, ती चूक नाही. तिनं ऐकून लिहिलेला पहिला शब्द आहे तो. ण मी शिकवीन नंतर." ते म्हणाले, "बाई, तपासणी वाचनाची होणार आहे, थापांची नाही." वाईट माणूस नाही तो. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. पण दुसऱ्या दिवशी तेच माझ्या दारात उभे राहून हळूच विचारत होते, "माणिकराव म्हणजे चणिकरावमा का?"

मुंजाजी काल येऊन गेला. तोच प्रश्न. मी खरं सांगितलं. "अजून वाचता येत नाही. पण आता शब्द तिच्या हाताला लागायला लागलेत."

"दिवाळीपातूर यील का?"

"ते मला सांगता येत नाही."

त्यानं टोपी काढली, परत घातली आणि निघून गेला.

तुझी,
राजेश्री

●

राणीसावरगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. वेलदोड्यावरून रागावलीस का? रागावली असशील तरी हे वाच, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

शालू गेली.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आले तर तिची जागा रिकामी. तिच्या घरी गेले. ते त्याच सकाळी निघत होते. घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, कुत्री इकडून तिकडं पळतायत. कासाबाईसुद्धा निघाली होती, गुडघे धरून. शालूची आई कडेवर बाळ घेऊन उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, लय जीव लावलात. पर मी येकटी काय काय बगू?" मला तिच्याशी वाद घालता येईना. तिच्याकडे बघितल्यावर तर नाहीच.

मुंजाजी म्हणाला, "तुमी खरं बोल्लात म्हनून मी बी खरं सांगतो. दुसऱ्या मास्तरनं येतंय येतंय म्हनून ठिवून घेतली असती. तुमी न्हाई म्हनलात. त्याचा मला राग न्हाई." त्यानं हे मान देऊन सांगितलं. पण रस्ताभर मी हाच विचार करत होते की खोटं बोलले असते तर पोरगी इथं राहिली असती.

तिच्या पिशवीत पाटी, खडू आणि मी पुठ्ठ्याची केलेली अक्षरांची पत्ती घातली. तिनं पिशवी खांद्याला अडकवली. कळपाच्या मागं मागं चालत गेली.

गुरुजी म्हणतात, दर वर्षी असंच होतं, मनाला लावून घेऊ नका. हे लोक परभणीच्या पलीकडे झरीला जातात म्हणे. तिथं जीवन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, मग पुढं सरकतात. आता उन्हाळ्यानंतरच.

बाकी ठीक. थंडी पडायला लागली आहे. तू कान झाकून बस. मशीन घाल म्हणत नाही.

तुझी,
राजेश्री

●

जिंतूर,
२७ डिसेंबर २०२४

राजी पोरी,

रागावले होते, खरं हाय. डबा उघडून मशीन बघायचे आणि झाकण लावायचे. तुझ्या आधीच्या पत्राला उत्तर लिहायला बसले की तिथंच गाडी अडायची.

मग हे पत्र आलं. त्यात झरी वाचलं, जीवन वाचलं, आणि मी योगीराजला हाक मारली. अगं, जीवन म्हणजे योगीराजचा मेव्हणा! त्याच्याच रानात दर साली मेंढरं बसतात. सून तशीही माहेरी निघाली होती. मी म्हणाले, मी पण येते. योगीराज माझ्याकडं बघतच राहिला. मी गावातल्या मोंढा बाजाराच्या पलीकडं कधी जात न्हाई आताशा.

एसटीत बसल्यावर मशीन कानात घातलं. आई गं! इंजन, खिडक्या, लोकांचं खोकणं, सगळं एकदम. मी काढून टाकलं. झरीला उतरल्यावर परत घातलं. रानात पोचले तर मेंढरांचा वरडा असा कानात घुसला की डोकं गरगरलं. पण घातलंच. म्हटलं, पोरीचा आवाज ऐकायला आलोय ना आपण.

शालू कोकरांपाशी बसली होती. मी सांगितलं, मी तुझ्या बाईची आत्या. ती म्हणाली, "कानात काय हाय?" मी म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई." ती काहीतरी बोलली. मी म्हणाले, "केळी? कुठं हाय केळी?" ती हसून लोटपोट. "केळी न्हाई आज्जे! शेळी! शे. शे-ळी." मी म्हणाले, "के?" तिनं माझी हनुवटी धरली, आपल्या तोंडासमोर आणली आणि म्हणाली, "शेऽ. दातातनं वारं सोडायचं. श्श." मशीन लावूनसुद्धा मला तो श नीट आला न्हाई, पण तोंडावर दिसला.

मग ती दिवसभर माझ्याशी असंच बोलली. एकेक शब्द मोडून. जो मला कळला न्हाई त्याचं अक्षर अन् अक्षर सुटं करून. थापा मारून. कुठलं अक्षर मला जातंय तेसुद्धा तिला कळायला लागलं. 'स' आला की आधीच थांबायची, तोंड दाखवायची. मी दोन दिवसांनी परतणार होते. राहिले तिथंच, जीवनच्या घरी. रोज जेवण झालं की रानात.

तुझी पत्ती तिच्याजवळ हायत. कडा चुरगळल्यात. रोज काढते, लावते. मी बोलले तो शब्द लावायची, मग मला वाचून दाखवायची. वाचन म्हणशील तर तुझ्या गुरुजीला आवडणार न्हाई. लय अडखळते. एकेक अक्षराशी थांबते, मागं जाते, परत येते. पण बोटाखाली जे असंल तेच वाचते.

एक दिवस ती बसायच्या गोणपाटावर बोट ठेवून पुटपुटत होती. बियाण्याचं जुनं पोतं. "उ. ग. व. ण." थांबली. "उगवण." मग पुढं "श", मग जोडाक्षर आलं. "शक... ती. शकती." परत मागं गेली. "शक्ती. उगवणशक्ती." आणि मान वर करून मला विचारते, "आज्जे, उगवणशक्ती म्हंजी काय?"

राजी, मी तो शब्द तिला सांगितला न्हवता. तिथं कुणी बोललं न्हवतं. तिचा बाप बाजूला बाभळीचा पाला तोडत होता, त्याच्या हातातली कुऱ्हाड तशीच राहिली. तो म्हणाला, "ह्यो शबुद कुणी सांगितला तुला?"

"पोत्यानं," शालू म्हणाली.

तो आला, पोत्याकडं वाकून बघितलं. त्याला काय कळणार त्यातलं? माझ्याकडं वळून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं न्हाई. मशीन शिट्टी मारत होतं. मी शालूकडं बघितलं. तिनं मला सांगितलं, सुटं करून, "ब-रो-बर वा-चली का." मी मान हलवली. 

संध्याकाळी त्याची बायको माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, संक्रांत झाली की म्हाताऱ्या सासूला गावी सोडायचंच हाय, गुडघे चालत न्हाईत. तिच्यासंगं शालूला धाडते. मी विचारलं, मग कोकरं? ती म्हणाली, "मी बगती. बाळ आता बसायला लागलंय." नवऱ्याला तिनंच सांगितलं. तो न्हाई म्हणाला न्हाई.

आता मशीन घालून बसले आहे. कमलबाईच्या घरी सारखा कुकर वाजतो, हे मला माहीतच न्हवतं. लय बायका बोलतात गं या गल्लीत.

आत्या

●

राणीसावरगाव,
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र मी गुरुजींना वाचून दाखवलं. पोत्यानं सांगितलं म्हणाली तिथं ते चष्मा पुसायला लागले.

शालू आली. कासाबाई तिला शाळेपर्यंत सोडायला आली होती, हातात काठी. दारात टेकून म्हणाली, "ही घ्या तुमची पोरगी. आता मला बी वाचून दावती. मी झोपले तरी वाचती." शालू आत आली आणि मागच्या भिंतीकडे न जाता पुढं येऊन बसली. मुलांनी तिला भुरीबद्दल विचारलं. भुरीला पिल्लू झालंय म्हणे. नाव अजून ठेवलेलं नाही.

बुडालेले दिवस भरून निघालेत असं नाही. बेरजेत ती मागं आहे. जोडाक्षर आलं की घाम फुटतो. तपासणीला साहेब आले तेव्हा तिनं अर्धंच पान वाचलं आणि वेळ संपली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गुरुजी पुढं होऊन म्हणाले, "साहेब, सावकाश वाचते, पण कुठलंही वाचते. तुमच्या खिशातला कागद द्या, तोसुद्धा वाचून दाखवेल." साहेबांनी कागद काही दिला नाही, पण हसले. मी गुरुजींकडे बघतच राहिले.

पहिलीच्या मुलांना मी आता अक्षरं दाखवायच्या आधी महिनाभर नुसते आवाज खेळायला देणार आहे. थापा, यमकं, तुझी ती भाषा. गुरुजी 'बघू' म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे हो असतं, हे आता मला कळतं.

पण आजची गोष्ट सांगायला बसले आहे.

वाचनपेटीतलं एक गोष्टीचं पुस्तक शालूनं घरी नेलं होतं. आज सकाळी आली ती सरळ माझ्या टेबलापाशी. पुस्तक आदळलं म्हणावं असं ठेवलं. "बाई, ह्ये खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"ह्यात लांडगा म्होरून येतोय. आन मेंढरं चारी बाजूला पळत्यात. लांडगा म्होरून कशाला यील? वारं त्येच्याकडनं आपल्याकडं आसंल तर कुत्र्याला वास लागतोय. त्यो उलट्या बाजूनं येतोय, दबून. आन मेंढरं पळत न्हाईत. गोळा होत्यात, तोंडं आत घालून." तिनं दोन्ही हात एकात एक गुंतवून दाखवलं. "ज्यानं ह्ये लिव्हलं त्यानं बघितलंच न्हाई."

मी म्हटलं, "गोष्टीत कधीकधी असं चालतं."

"न्हाई चालत," ती म्हणाली. "लहान लेकरानं वाचलं तर त्यो म्होरंच बघत बसंल."

 मी विचारलं, "मग काय करूया?"

तिनं पुस्तक उलटंपालटं केलं. शेवटच्या पानावर छापणाऱ्यांचा पत्ता बारीक अक्षरात असतो, तो तिचा तिनंच शोधला. पुण्याचा आहे. त्यात जोडाक्षरं बरीच, वाचायला पुष्कळ वेळ लागला. मधली सुट्टी झाली, बाकीची मुलं पळाली. ही माझ्याकडून एक कोरा कागद घेऊन खिडकीपाशी बसली आहे. मी तुला लिहितेय आणि ती त्यांना. ओठ हलतायत, मध्येच तोंडाला हात लावून बघते, मग लिहिते. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाली.

इथून मला पहिली ओळ दिसते: 'लांडगा आसा येत न्हाई.'

तुझी,
राजेश्री